बेबीकाकूंची सातवी

साठीकडे झुकलेल्या बाईंना 'बेबी' म्हणायला पहिले आठ दिवस माझी जीभ वळेना. हजेरीपत्रकावर नाव तेच होतं, बेबी दामोदर म्हात्रे, आणि प्रयोगशाळेतले सगळे त्यांना बिनदिक्कत बेबीकाकू म्हणत. मी एकदा चाचरत 'म्हात्रेकाकू' म्हणून पाहिलं. हातातली बरणी धुता धुता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "या रस्त्याला म्हात्रेकाकू म्हनून हाक मारलीस तं वीस बाया वलून बगतील. मना बेबीच बोल, बाय."

रस्ता म्हणजे अलिबागहून रेवसला जाणारा. त्या रस्त्यावरच्या भाताच्या एका जुन्या गोदामाला काचा आणि एसी बसवून आमची प्रयोगशाळा केलेली होती. पाटी इंग्रजीत असल्यामुळे गावातले लोक तिला 'बरण्यांची कंपनी' म्हणत, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. खोलीभर लोखंडी फळ्या, फळ्यांवर शेकडो काचेच्या बरण्या, प्रत्येक बरणीत तळाला जेलीसारखं खाद्य आणि त्यावर एक फिकट पिवळसर गोळा. तो गोळा म्हणजे नरक्या नावाच्या झाडाच्या जिवंत पेशी.

नरक्या सह्याद्रीच्या जंगलात वाढतो. त्याच्या लाकडात एक द्रव्य असतं, त्यापासून कॅन्सरवरची औषधं तयार करतात. हे कळलं आणि झाडाचे दिवस भरले. लोकांनी ते मुळासकट तोडून पोत्यांनी बाहेर पाठवलं. आमचे लेलेसर याच्यावर फार तळमळून बोलत. झाड कशाला तोडायचं, त्याच्या पानाचा नखाएवढा तुकडा घेऊ, त्यातल्या पेशी बरणीत वाढवू आणि त्यांच्याकडूनच ते द्रव्य करून घेऊ, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं सोपं होतं. सरांनी वेगवेगळ्या झाडांपासून कितीतरी वाण बरणीत धरले. बहुतेक मजेत वाढले, खाऊन पिऊन फुगले, पण द्रव्य म्हणाल तर नावाला. एकच वाण निघाला, सात नंबरचा, जो भरभरून द्रव्य द्यायचा. तसा दुसरा मिळवायची धडपड सर शेवटपर्यंत करत राहिले. मिळाला नाही. सातवा मेला तर सगळं काम मातीत, हे शिपायापासून सरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

काकू त्याला सातवा म्हणत नसत. सातवी म्हणत. नरक्या हे नाव तर त्यांनी कधीच तोंडातून काढलं नाही. "मानूस वाचवनाऱ्या झाराचा आसा नाव ठेवतात काय?" हे त्यांनी मला निदान दहा वेळा ऐकवलं असेल. एकदा सर आम्हाला डोंगरात घेऊन गेले आणि खरं झाड दाखवलं. नेमकं फुललेलं होतं. नरक्याच्या फुलाला कुजका वास येतो. काकूंनी पदर नाकाला लावला, झाडाला एक प्रदक्षिणा घातली आणि सरांना म्हणाल्या, "नाव बरोबर हाय. पन आमची सातवी बापावर नाय गेली."

काकू आल्या त्या बरण्या धुवायला. त्यांच्या पहिल्या दिवसाची गोष्ट सर स्वतः रंगवून सांगत. सरांनी फर्मावलं, "बेबीबाई, वरच्या फळीवरचं अगर आणा." अगर म्हणजे समुद्रातल्या शेवाळापासून काढलेली पूड. ती घातली की बरणीतलं खाद्य घट्ट होतं. पण काकू आगरी, आणि आगर म्हणजे त्यांच्या लेखी मिठागर. सासऱ्यांचं आगर होतं, त्याचा बांध एका उधाणात फुटला तो कायमचा, आणि तिथे खारफुटी माजली. काकू जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "आगर कसा आनू, सर? त्यावर आता तिवरा उगवलीत." सर आधी हसले, मग त्यांना काय झालं कोण जाणे, खुर्ची ओढून काकूंना बसवलं आणि मिठागराची सगळी हकीकत विचारून घेतली. त्या दिवसापासून त्या पुडीच्या डब्यावर 'काकूंचं आगर' अशी चिठ्ठी लागली. मी तिथे आले तेव्हा ती चिठ्ठी पिवळी पडली होती, पण काढायची कोणाची छाती नव्हती.

मिठागरात आयुष्य गेलेल्या बाईला मीठ शिकवायचा आगाऊपणा मी केला आहे. पेशींच्या खाद्यात साखर असते आणि बरेच क्षार असतात. ते सगळं मोजूनमापून घालायचं काम माझं. एम.एस्सी. होऊन मुंबईहून नुकतीच आले होते, त्यामुळे मोजण्याचा ताठा भरपूर. एके सकाळी मी खाद्याचं भांडं तयार करून ठेवलं आणि वळून बघते तर काकूंनी त्यात करंगळी बुडवून जिभेला लावलेली. माझं डोकं फिरलं. प्रयोगशाळेत काही तोंडात घालू नये, ही रसायनं आहेत, उद्या काही झालं तर कोण जबाबदार, असं मी दहा मिनिटं तरी बोलले असेन. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "बोल तू. पन ह्यान मीठ दोनदा परलाय." मी नोंदवही काढून दाखवली, एकदाच घातल्याची खूण होती. त्या परत बरण्या धुवायला लागल्या. माझं मन मात्र स्वस्थ बसेना. मी क्षारांची बाटली उचलून पाहिली, तर पातळी दोन वेळच्या मापाने खाली गेलेली. खूण एकदा केली होती, घातलं दोनदा होतं. भांडं मोरीत ओतताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनीही हा किस्सा कोणाला सांगितला नाही, हे मी त्यांच्या स्वभावाच्या खात्यावर आजही जमा धरते, कारण एरवी त्यांच्या पोटात काही राहत नसे.

बोलणं हा त्यांचा श्वास होता. थोरला ट्रेलर घेऊन न्हावा शेव्याला जातो आणि दोन-दोन दिवस रांगेत अडकतो, धाकट्याच्या बायकोला निवट्या मासे साफ करता येत नाहीत, गावच्या पालखीला यंदा कोणाचा बेंजो आहे, हे सगळं आम्हाला बरण्या धुण्याच्या आवाजावर ऐकायला मिळायचं. पण त्याच काकू पेटीसमोर बसल्या की मुक्या. पेटी म्हणजे गाळलेली हवा सोडणारं काचेचं कपाट. गोळा जुना झाला की दर तीन आठवड्यांनी त्यातला चांगला भाग निवडून नव्या बरणीत ठेवावा लागतो, ते त्या पेटीत बसून करायचं. आम्ही त्याला 'बदली' म्हणायचो. हवेतला एक बुरशीचा कण बरणीत पडला की आठवड्यात आतलं सगळं काळं.

धुणाऱ्या बाई पेटीवर कशा गेल्या, त्याचं कारण एवढंच की एका मोसमात आमच्या निम्म्या बरण्या काळ्या पडायला लागल्या. सर हैराण. काकू मागे उभ्या राहून दोन दिवस बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ही शिकलेली पोरा बदली करताना बोलतात, सर." सरांनी त्यांनाच बसवलं. त्या बरणीचं तोंड उघडलं की श्वास धरत आणि बंद झालं की सोडत. चिमट्याने गोळ्यातला कुठला भाग उचलायचा हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, त्यांच्या बोटांना ते न वाचता कळायचं. घट्ट, ओलसर भाग त्या सोडून द्यायच्या आणि रवाळ, कोरडा तेवढा घ्यायच्या. त्या दिवसापासून सातवीची बदली दुसऱ्या कोणी करायची नाही असा न लिहिलेला नियम झाला. सणावाराला सुट्टी घेण्याआधी त्या कॅलेंडरवर सातवीची तारीख बघत. थोरल्या नातवाचं बारसंसुद्धा त्यांनी एक दिवस पुढे ढकललं, आणि सुनेला कारण सांगितलं ते "कंपनीत बालंतीन हाय" असं.

हे सगळं चाललं होतं मुंबईच्या एका औषध कंपनीच्या पैशांवर. कंपनीने एकदा सगळ्यांकडून कागदावर सह्या घेतल्या. प्रयोगशाळेतली कोणतीही वस्तू, नमुना वा माहिती परवानगीविना बाहेर नेणार नाही. काकू चौथी शिकलेल्या. कागद इंग्रजीत, म्हणून तो समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मला दुपारची बोट गाठून मांडव्याहून मुंबईला जायचं होतं. मी घाईघाईत म्हटलं, "काकू, इथलं काही घरी न्यायचं नाही, चोरी करायची नाही, एवढंच लिहिलंय." त्यांना जरा लागलं. "आमचे घरान चोर कोन नाय," असं म्हणून त्यांनी मोठ्या अक्षरात सही केली. माझी बोट मिळाली. त्या कागदाचा अर्थ मी नीट सांगितला असता तर पुढचं काही घडलं नसतं, असं मला वाटतं. मग हेही वाटतं की पुढचं घडलं नसतं तर सातवीही राहिली नसती.

त्यानंतर दोन वर्षांनी पावसाच्या तोंडावर वादळ आलं. आमच्या किनाऱ्याने वादळं पाहिली आहेत, पण हे सुपारीच्या बागा आडव्या करून गेलं. गोदामाचे पत्रे उडाले. बरण्यांच्या खोलीत पाऊस शिरला, फळ्या कोसळल्या. विजेचे खांब पडलेले, जनरेटरला डिझेल मिळेना, रस्ता झाडांनी बंद. आम्ही आत पोचलो तेव्हा उरलेल्या बरण्यांतही हिरवी-काळी लव चढली होती. सातवीच्या एकूण एक बरण्या मी स्वतः उघडून पाहिल्या, एकही वाचली नव्हती. सर फळीच्या कडेला टेकून उभे होते. बारा वर्षांचं काम होतं त्यांचं. ते चष्मा पुसत राहिले.

काकूंच्या स्वतःच्या घराची कौलं गेली होती. तरी त्या चार मैल चालत आल्या. सगळं बघितलं. मग सरांसमोर जाऊन म्हणाल्या, "सर, सातवीचा विरजन हाय."

आम्हाला वाटलं, धक्क्याने त्या काहीतरी बोलताहेत. पण त्या अगदी भानावर होत्या. त्यांची पुतणी रंजना पेणच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. तिथे मुलांना शिकवण्यासाठी केळीची रोपं बरणीत वाढवायचे, म्हणजे छोटी पेटी होती, दिवा होता, फळ्या होत्या. दीड वर्षापूर्वी काकूंनी सातवीची एक बरणी रंजनाकडे नेऊन दिली होती. बदली कशी करायची ते तिला शिकवलं होतं. दर तीन आठवड्यांनी फोन करून विचारत होत्या. पेणला वादळाचा जोर कमी होता आणि वीज दुसऱ्याच दिवशी आली होती.

सर आणि मी एका ओळखीच्याच्या जीपने पेणला गेलो. केळीच्या रोपांच्या रांगेत, शेवटच्या फळीवर सहा बरण्या होत्या. रंजनाने वर चिठ्ठी लावली होती, 'काकूची'. आतले गोळे रवाळ, फिकट, तजेलदार. सर फळीसमोर उभे राहून रडले. मी त्यांना तसं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं आणि पुढेही नाही.

परत येताना जीपमध्ये सरांनी ठरवलं होतं की नोंदवहीत 'वादळातून सहा बरण्या वाचल्या' असं लिहायचं. तसं पाहिलं तर ते खोटंही नव्हतं. त्यांनी काकूंना ते सांगितलं आणि काकूंचा चेहरा उतरला. नोंदवहीत एक खोटं शिरलं की पुढची सगळी पानं वाया, हे सरांनीच त्यांना शिकवलं होतं. औषध होणार ते माणसाच्या अंगात जाणार, कुठल्या बरणीतून कुठल्या बरणीत काय गेलं ते सगळं खरं पाहिजे.

"पेनवरून आनली म्हनून लिव्हा," त्या म्हणाल्या.

"बेबीबाई, मग तुमचं नाव येईल."

"येव दे. मी नेलीय तं माजाच येनार."

सर अर्धा दिवस नोंदवही पुढ्यात घेऊन बसले. शेवटी त्यांनी खरं ते लिहिलं.

कंपनीचे एक अधिकारी मांडव्याच्या बोटीने आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी काकूंना खुर्ची दिली, पाणी विचारलं आणि मग विचारलं, "तुम्ही ही बरणी बाहेर का दिलीत?"

"विरजन एका घरान ठेवत नाय कोन," काकू म्हणाल्या. "आपला नासला तं शेजारनीकडना आनायचा. म्हनून शेजारनीला आदीच देऊन ठेवायचा."

"पण तुम्ही सही केली होती, इथून काही न्यायचं नाही म्हणून."

"घरी नाय नेली, साहेब. बाजारान नाय इकली. ठेवाला दिली. आनि दिवेलागनीनंतर विरजन घराभायेर काडत नाय, म्हनून मी सकालची गेली, नऊच्या गारीनं."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना समजावलं की आमच्याकडे दिवे लागल्यावर दही, विरजण, मीठ घराबाहेर देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. काकूंनी कोणता नियम पाळला होता तेच त्या सांगत होत्या. त्यांच्या मते कागदावरचा नियमही त्यांनी पाळलाच होता, कारण त्यांना तो 'चोरी करू नका' असाच सांगितला गेला होता. हे शेवटचं वाक्य मी बोलायला हवं होतं. माझ्या ओठांवर होतं. पण माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती आणि मी गप्प बसले. याची लाज मला आजही वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

अधिकारी हसले, मान हलवली, म्हणाले की माणूस म्हणून मला हे पटतं, पण अहवालात मी हे कसं लिहू? पंधरा दिवसांनी तीन ओळींचं पत्र आलं. महिनाअखेरपासून काकूंना प्रयोगशाळेत प्रवेश नाही, नमुन्यांना स्पर्श नाही. सरांनी कंपनीला चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. काकूंनी शेवटच्या दिवशी सातवीची बदली करायला मागितली नाही. मला पेटीसमोर बसवलं आणि काचेपलीकडे उभं राहून पहिल्या बरणीपासून शेवटच्या बरणीपर्यंत बघत राहिल्या. मध्ये मला शिंक आल्यासारखं वाटलं, तेव्हा त्यांनी बाहेरून काच ठोकली होती.

सातवी वाढली. पुढच्या वर्षी ती मोठ्या टाकीत द्रव खाद्यावरही वाढायला लागली आणि तिच्यापासून काढलेलं द्रव्य कंपनीच्या तपासण्यांत उतरलं. ज्या दिवशी ते कळलं, त्या दिवशी सर मिठाईचा पुडा घेऊन काकूंकडे गेले. मी गेले नाही. मला तोंड दाखवायचा धीर होत नव्हता. आणखी महिनाभराने एके दुपारी मी सातवीची एक बरणी टॉवेलात गुंडाळली, पिशवीत डब्याच्या खाली ठेवली आणि रखवालदाराला 'बरं नाही' असं सांगून बाहेर पडले.

काकू ओटीवर बसून सोडे निवडत होत्या. थकल्या होत्या. पाय सुजले होते. मला बघून त्यांनी चहाचं आधण ठेवायला सुनेला हाक मारली. मी टॉवेल सोडला आणि बरणी त्यांच्यासमोर धरली.

त्या उठल्या. हात पदराला पुसले, पुढे केले आणि मधेच थांबवले. मग दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत धरले आणि बरणीवर वाकल्या. "उजेराकरं फिरव," म्हणाल्या. मी फिरवली. "आता खालना दाव." मी खालून दाखवली. किती वेळ बघत होत्या कोण जाणे.

"काकू, घ्या ना हातात," मी म्हटलं.

"मना हात लावायचा नाय. कागद आलाय." त्या अजून बरणीकडेच बघत होत्या. "कडेना पिवली परायला लागलीय. तारखेची वाट नको बगू, उद्याच बदल. आनि आता ठेव ती पिशवीन. कोनी बगितला तं तुजी नोकरी जाईल."

"जाऊ दे गेली तर," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं त्या क्षणी.

तेव्हा त्या माझ्यावर रागावल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "जाव दे? तू पन गेलीस मंग हिला कोन बगल?"

चहा निवत पडला होता, तो त्यांनी पिऊ दिला नाही. मला पुढे घालून रस्त्यापर्यंत आल्या. रेवसकडून मिनीडोर रिक्षा आली, ती थांबवली. ड्रायव्हरला म्हणाल्या, "सावकाश ने रं. हिचेकरं काचेचा सामान हाय." मी पिशवी मांडीवर घेऊन बसले.

शिमग्याच्या आधीच काकू गेल्या, त्यामुळे ती आमची शेवटची भेट ठरली. मिनीडोर सुटल्यावर मी मागे वळून हात हलवला. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून पिशवीकडे बघत होत्या, आणि त्यांचे दोन्ही हात अजून पाठीमागेच होते.